‘लाईन बंद आहे’ म्हणजे नेमके काय? राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

प्रत माहितीसाठी : महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे, पोलीस आयुक्त, मुंबई, आयुक्त, लोहमार्ग पोलीस, प्रमुख अग्निशमन अधिकारी, मुंबई अग्निशमन दल, महाव्यवस्थापक, बेस्ट उपक्रम, मुंबईतील मेट्रो व मोनोरेल चालवणाऱ्या सर्व संस्था

विषय : रेल्वे, मेट्रो, बस, पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी सामायिक आपत्कालीन बिनतारी वाहिनी

महोदय,

मी ३१ वर्षे मुंबईतल्या एका आपत्कालीन सेवेच्या नियंत्रण कक्षात बिनतारी यंत्रावर काम केले आणि आता निवृत्त आहे. ज्या एका रात्रीमुळे मी हे पत्र लिहीत आहे, तिचा वृत्तांत आधी सांगतो. पाऊस कोसळत होता. रुळांच्या कडेला एक माणूस जखमी होऊन पडला आहे आणि अजून शुद्धीवर आहे, असा दूरध्वनी आला. पलीकडच्या कर्मचाऱ्याने जागा अचूक सांगितली : कोणत्या दोन स्थानकांच्या मध्ये, अप स्लो मार्गाच्या बाजूला, अमुक क्रमांकाचा खांब. त्याच्या दृष्टीने याहून नेमका पत्ता असू शकत नव्हता. आमच्या गाडीवरच्या लोकांना मात्र खांबाचा क्रमांक ऐकून रस्ता कळत नव्हता. मी विचारले, पूर्व की पश्चिम, कोणता रस्ता, आत शिरायला फाटक कुठे आहे? ते त्याला दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागले, त्या दुसऱ्याला तिसऱ्याला. आमची गाडी पश्चिमेला गेली. तिथे उंच भिंत होती आणि जखमी माणूस सहा रुळांच्या पलीकडे पूर्वेला होता.

त्याहून भयंकर गोष्ट पुढे घडली. आत उतरण्याआधी आम्ही विचारले, ‘लाईन बंद आहे ना?’ उत्तर आले, ‘हो, लाईन बंद आहे.’ सांगणाऱ्याला म्हणायचे होते की त्या मार्गावरची वाहतूक थांबवली आहे. आमच्या माणसांनी अर्थ घेतला की डोक्यावरच्या तारांतली वीज बंद आहे. ॲल्युमिनियमची शिडी भिंतीवरून पलीकडे जात असताना एका वयस्कर ट्रॅकमनने ओरडून थांबवले, म्हणून त्या रात्री आमचे दोन सहकारी घरी परत गेले. जखमी माणूसही वाचला, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला २२ मिनिटे जास्त लागली. दोन्ही बाजूंची यंत्रे उत्तम चालत होती आणि कोणी कामात कुचराई केली नव्हती. आम्ही एकमेकांशी थेट बोलू शकत नव्हतो आणि जे बोललो ते एका भाषेत बोललो नाही, एवढेच झाले होते.

आज परिस्थिती बदलली असेल असे कोणालाही वाटेल, कारण दरम्यानच्या काळात यंत्रे खूप बदलली. म्हणून एक साधी कल्पना करून पाहावी. सायंकाळी साडेसहाला दादर आणि माटुंग्याच्या मध्ये भरलेली लोकल थांबली आहे आणि एका डब्यातून धूर निघतो आहे. मोटरमन आणि ट्रेन मॅनेजर (जुन्या सवयीने आपण त्यांना अजून गार्ड म्हणतो) रेल्वेच्या नियंत्रण कक्षाशी बोलतील. तारांतली वीज तोडण्याचा अधिकार कर्षण वीज नियंत्रकाचा, गाड्या थांबवण्याचा विभाग नियंत्रकाचा. डब्यातल्या व फलाटावरच्या माणसांना आवरायला रेल्वे सुरक्षा दल येईल, ते केंद्राचे. लोहमार्ग पोलीस येतील, ते राज्याचे. भिंतीच्या बाहेर रस्त्यावरची गर्दी मुंबई पोलिसांची आणि कोंडी वाहतूक पोलिसांची. आग महापालिकेच्या अग्निशमन दलाची, जखमी १०८ च्या रुग्णवाहिकांचे आणि उतरवलेल्या हजारो प्रवाशांना घरी न्यायच्या बसगाड्या बेस्टच्या. प्रत्येकाच्या कमरेला किंवा गाडीत बिनतारी यंत्र असेल, प्रत्येकाला आपला कक्ष ऐकू येत असेल आणि शेजारी दहा फुटांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या गणवेशातल्या माणसाला काय कळले आहे, हे त्याला तोंडाने विचारावे लागेल. डब्यात पाणी मारायचे की नाही हा अग्निशमन अधिकाऱ्याचा निर्णय २५,००० व्होल्टची तार मृत झाली आहे की नाही या एका वाक्यावर अवलंबून आहे आणि ते वाक्य आज तीन-चार तोंडांतून फिरून त्याच्याकडे येते.

यंत्रे आधुनिक झाली की हा प्रश्न आपोआप सुटतो, असा समज अधिकाऱ्यांच्या बैठकांतही आढळतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. दोन संस्थांकडे टेट्रा या डिजिटल बिनतारी पद्धतीची, अगदी एकाच कंपनीची यंत्रे असली, तरी त्यांची जाळी, वापरकर्त्यांच्या नोंदी आणि सांकेतिकीकरणाच्या किल्ल्या वेगळ्या असतात. दोन सोसायट्यांनी एकाच कंपनीची कुलपे घेतली म्हणून एकीची किल्ली दुसरीच्या दाराला लागत नाही, तसेच हे आहे. उलट जुन्या ॲनालॉग यंत्रांवर निदान लहरसंख्या जुळवून ऐकता तरी येत असे. नवी यंत्रे अधिक सुरक्षित आहेत आणि म्हणूनच एकमेकांना अधिक बंद आहेत. ती जोडणारी उपकरणे बाजारात आहेत आणि फार महागही नाहीत. एका जाळ्यातला आवाज घेऊन दुसऱ्या जाळ्यात सोडणारा गेटवे एका खोलीत बसतो. अडते ते उपकरणापाशी नाही. तो गेटवे कोणाच्या आदेशाने सुरू करायचा, सुरू झाल्यावर वाहिनीवर कोण बोलणार आणि कोण फक्त ऐकणार, हे कोणी लिहून ठेवलेले नाही, तिथे अडते.

हे इतरत्र किती महागात पडले, याच्या नोंदी जगासमोर आहेत. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी आग लागून ३१ माणसे गेली. त्या आगीच्या चौकशीनंतर जमिनीखाली चालणाऱ्या बिनतारी यंत्रांची शिफारस झाली. पुढे ७ जुलै २००५ रोजी तिथल्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, तेव्हा बोगद्यात चालणारी यंत्रे वाहतूक पोलिसांकडे होती, पण अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांकडे नव्हती. निरोप घेऊन माणसे धावत वर-खाली जात होती. या दोन सेवांपुरती ती शिफारस मधल्या सुमारे अठरा वर्षांत कागदावर तशीच होती.

वॉशिंग्टनचे उदाहरण मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही आहेत. १३ जानेवारी १९८२ रोजी बर्फवृष्टीत एक प्रवासी विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळले आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याच शहरात मेट्रोची गाडी घसरून तीन प्रवासी मेले. दोन्हीकडे धावणाऱ्या वेगवेगळ्या परगण्यांच्या दलांना एकमेकांशी बोलता येईना. त्या दिवसाने धडा घेऊन त्या भागातल्या दलांनी सामायिक वाहिन्या आणि परस्पर मदतीचे करार केले. ११ सप्टेंबर २००१ रोजी पेंटागॉनवर विमान आदळले, तेव्हा अडचणी तिथेही आल्या, पण आसपासच्या अग्निशमन दलांना आपापल्या यंत्रांवरून एकमेकांशी बोलता आले. त्याच सकाळी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्याच्या धोक्याचे इशारे दिले गेले ते पोलिसांच्या वाहिनीवर. मनोऱ्यांत चढलेल्या अग्निशमन जवानांना ते थेट ऐकू येण्याची सोयच नव्हती. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. आणि ज्या वॉशिंग्टनने एवढे कमावले होते, त्याच शहरात १२ जानेवारी २०१५ रोजी लान्फाँ प्लाझा स्थानकाजवळ बोगद्यात धूर भरला आणि खाली उतरलेल्या अग्निशमन जवानांची यंत्रे नीट चालली नाहीत. एक प्रवासी दगावली. त्या स्थानकात यंत्रे नीट चालत नसल्याचे काही दिवस आधीच्या तपासणीत आढळलेही होते, पण दोन संस्थांमध्ये ती तक्रार वेळेत मार्गी लागली नाही. एकदा केलेली व्यवस्था रोज तपासली नाही तर ती नाहीशी होते, आणि नाहीशी झाल्याचे नेमके दुर्घटनेच्या दिवशी कळते. माझी सगळी मागणी या एका अनुभवावर उभी आहे.

मुंबईला हे वाचून दुसऱ्यांचे दुःख म्हणून पान उलटता येणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मोबाइलची सेवा कोलमडली आणि लाखो माणसे जिथे होती तिथे अडकली. पुढच्याच वर्षी ११ जुलैला पश्चिम मार्गावर सायंकाळी ६.२४ पासून ११ मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत सात ठिकाणे, आणि त्या पट्ट्यात मोबाइल लागेनासा झाला. त्या संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना उचलले, हे या शहराचे भूषण आहे; पण कोणत्या रुग्णालयात जागा आहे आणि कोणता रस्ता मोकळा आहे, हे त्यांना सांगणारा एकच आवाज त्यांच्यापर्यंत येत नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून जे दिसत होते ते पाहून प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून सुरक्षित बाजूने बाहेर पडायला सांगितले आणि असंख्य जीव वाचवले. एक माणूस, डोळ्यांसमोरचे दृश्य, सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जाणारा आवाज आणि साधे शब्द. बिनतारी संदेशवहनाच्या क्षेत्रात सारे आयुष्य घालवलेल्या मला त्या रात्रीची ती उद्घोषणा या शास्त्राचा परमोच्च नमुना वाटते.

२७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल, पोलीस, रेल्वे आणि आसपासचे गावकरी एकत्र आले आणि सगळे प्रवासी सुखरूप निघाले. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात चेंबूर भागात मोनोरेल उंचावर अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्यांच्या गाड्यांनी खाली उतरवले. ही दोन्ही कामे कौतुकास्पद आहेत आणि त्यांत काम केलेल्या प्रत्येकाला मी मनापासून नमस्कार करतो. तरीही माझी विनंती आहे की त्या दोन दिवशी कोणता निरोप कोणाला किती मिनिटांनी मिळाला आणि कोणत्या साधनाने मिळाला, याचा तक्ता आपण तयार करावा. किती निरोप व्हॉट्सॲपच्या गटांवरून गेले, हेही त्यात यावे. गटावर टाकलेला निरोप वाचला गेला की नाही हे पाठवणाऱ्याला त्या क्षणी कळत नाही, आणि वीज गेल्यावर मोबाइल मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते. सरावाच्या सोयीसाठी तो गट ठीक आहे; आपत्तीची व्यवस्था म्हणून तो धरू नये.

आता नेमके काय करावे, ते सांगतो. मुंबई महानगर प्रदेशासाठी एकच सामायिक आपत्कालीन वाहिनी ठरवावी आणि तिला कोणालाही विसरता येणार नाही असे साधे मराठी नाव द्यावे. ‘सेतू’ हे मला सुचलेले नाव आहे. सर्वांनी नवी यंत्रे घेण्याची वाट पाहू नये. आज आहेत ती जाळी गेटवेने जोडता येतील आणि जिथे जोडता येत नाहीत तिथे प्रत्येक नियंत्रण कक्षात व घटनास्थळी जाणाऱ्या प्रमुखाच्या गाडीत सामायिक लहरसंख्येचे एक यंत्र ठेवता येईल. लहरसंख्येचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून लागतो आणि रेल्वे तर केंद्राचीच आहे, त्यामुळे हा विषय एकट्या महापालिकेच्या किंवा एकट्या पोलिसांच्या पातळीवर सुटणार नाही. मुख्यमंत्री ज्याचे अध्यक्ष आहेत त्या प्राधिकरणाला मी पत्र लिहिण्याचे कारण हेच आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली सुरक्षा आणि आपत्ती निवारणासाठी देशव्यापी ब्रॉडबँड जाळे उभारण्याची शिफारस केली आहे. रेल्वेला तिच्या स्वतःच्या दळणवळणासाठी ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात लहरी देण्यास केंद्राने २०२१ मध्ये मंजुरी दिली. ही मोठी जाळी व्हावीत. पण ती होईपर्यंत सेतू थांबवणे म्हणजे पक्का पूल होईपर्यंत साकवही न बांधण्यासारखे होईल.

वाहिनी कोणी उघडायची हे नाव घेऊन लिहिले पाहिजे. माझे मत असे आहे की कोणत्याही संस्थेच्या पाळीवरच्या नियंत्रकाला, वरिष्ठांची परवानगी न घेता, ती उघडण्याची मुभा असावी. चुकून उघडली तर त्याच्यावर ठपका येऊ नये. उघडल्यावर मात्र एकाच कक्षाचा ताबा असावा आणि त्यावर प्रत्येक संस्थेचा फक्त एक अधिकृत आवाज असावा. सगळ्यांना जोडले आणि सगळेच बोलू लागले, तर वाहिनी गुदमरते. घटनेच्या पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, हे मी स्वतःच्या कानांनी वर्षानुवर्षे ऐकले आहे.

शब्दांचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही. ‘लाईन बंद’ हा प्रयोग सामायिक वाहिनीवर कायमचा वर्ज्य करावा. त्याऐवजी ‘वाहतूक थांबवली’ आणि ‘तारेतली वीज तोडली’ ही दोन वाक्ये ठरवून घ्यावीत. दुसरे वाक्य फक्त कर्षण वीज नियंत्रकाच्या कक्षातूनच यावे आणि ऐकणाऱ्याने ते शब्दशः परत म्हणून दाखवावे. रेल्वे सुरक्षा दलात देशभरातले जवान असतात, म्हणून अशा वीस-पंचवीस वाक्यांची मराठी आणि हिंदी जोडी करावी. आकडे नेहमी सुटे म्हणावेत. खडखडाटात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत फरक कळत नाही, हिंदीच्या ‘उनसठ’ने तर आणखी घोळ होतो, ‘पाच, नऊ’ म्हटले की प्रश्न मिटतो. संस्थांतर्गत सांकेतिक क्रमांक आणि लघुरूपे या वाहिनीवर आणू नयेत.

याच्याच जोडीला जागांची एक वही हवी. रेल्वेच्या खांबांचे क्रमांक, मेट्रोच्या खांबांचे क्रमांक, बोगद्यातले आपत्कालीन जिने, भिंतीतली फाटके, त्यांच्याकडे जाणारा रस्ता आणि तिथे अग्निशमनाची मोठी गाडी वळते की नाही, हे सगळे एका तक्त्यात असावे आणि तोच तक्ता सर्व कक्षांत असावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जण गेले तो पादचारी पूल पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ या दोन स्थानकांना जोडत होता. एल्फिन्स्टन रोडला आता प्रभादेवी म्हणतात. घाबरलेला प्रवासी जुने नाव सांगेल, नवे सांगेल किंवा परळ म्हणेल. वहीत तिन्ही एकाच ओळीवर सापडायला हवीत.

भुयारी मेट्रोबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. मेट्रो ३ चा मार्ग ३३.५ किलोमीटरचा असून २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली आहेत. जमिनीखाली लहरी आपोआप पोहोचत नाहीत. बोगद्याच्या भिंतीलगत लहरी पाझरणारी केबल टाकून त्या पोहोचवाव्या लागतात आणि त्या केबलमध्ये ज्यांच्या लहरी सोडल्या असतील त्यांचीच यंत्रे तिथे चालतात. मेट्रोच्या कर्मचाऱ्यांचे यंत्र खाली चालते हे पुरेसे नाही. जिना उतरून जाणाऱ्या अग्निशमन जवानाच्या, लोहमार्ग व शहर पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकेच्या माणसाच्या स्वतःच्या हातातले यंत्र दोन स्थानकांच्या मधोमध, गाडी उभी असताना आणि वीज गेलेली असताना चालते का, हे प्रत्येक टप्प्यावर तपासून त्याचा दिनांक आणि निकाल जाहीर करावा. दर तीन महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा व्हावी. सुरक्षेच्या कारणाने तांत्रिक तपशील गुप्त ठेवणे मला मान्य आहे. चाचणी झाली की नाही, हे गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

शेवटची मागणी अगदी छोटी आहे, पण तिच्याशिवाय बाकीचे टिकणार नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी ताबा कक्षाने सेतू वाहिनीवर हजेरी घ्यावी. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस, मुंबई पोलीस, वाहतूक पोलीस, अग्निशमन, १०८, बेस्ट, प्रत्येक मेट्रो, मोनोरेल : नाव पुकारावे, उत्तर यावे, पुढे जावे. तीन-चार मिनिटांचे काम आहे. जो आला नाही त्याचे नाव त्याच दिवशी त्याच्या वरिष्ठांकडे जावे. रोजच्या हजेरीमुळे यंत्र चार्ज राहते, किल्ल्या बदलल्या तर लगेच कळते आणि मुख्य म्हणजे माणसे एकमेकांचे आवाज ओळखू लागतात. दुर्घटनेच्या गोंधळात ओळखीचा आवाज ऐकू आला की अर्धी घबराट ओसरते, हे कोणत्याही जुन्या ऑपरेटरला विचारून पाहावे.

हौशी बिनतारी परवानाधारकांनाही यात जागा द्यावी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम ऑपरेटर आपली यंत्रे घेऊन लातूर-धाराशिवच्या गावांत गेले होते आणि दूरध्वनी बंद असताना त्यांनी निरोप पोहोचवले होते. मुंबई-ठाणे परिसरात असे परवानाधारक आजही आहेत. मीही त्यांतला एक आहे.

पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी, रविवारच्या मेगाब्लॉकच्या एखाद्या दिवशी, जेव्हा एरवीही काही मार्गांवरची वाहतूक थांबलेली असते, तेव्हा एका स्थानकापुरती ही चाचणी घ्यावी. दादर घ्यावे, कारण तिथे दोन्ही रेल्वे आणि मेट्रो ३ एकत्र येतात. एक रिकामा डबा, एक खांब क्रमांक आणि सगळ्या संस्थांचे एकेक माणूस एवढे पुरे. डब्यातून पहिला निरोप निघाल्यापासून ‘तारेतली वीज तोडली’ हे वाक्य अग्निशमन अधिकाऱ्याच्या कानावर पडेपर्यंत किती सेकंद लागले, ते घड्याळ लावून मोजावे. नोंदी ठेवण्यासाठी मी माझे यंत्र, वही आणि दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांसह स्वखर्चाने येईन. आपण फक्त तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बिनतारी ऑपरेटर,
मुंबई